माळावर गाव वसवताना

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसवण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. तेरणेच्या खोऱ्यातले, किल्लारीपासून फार दूर नसलेले आमचे लहानसे गाव त्या ५२ पैकी एक. मी तेव्हा नुकताच बी. ए. होऊन घरी आलो होतो आणि हस्ताक्षर बरे म्हणून गावच्या पुनर्वसन समितीच्या बैठकांचे इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. पुढे गाव नव्या जागी स्थिरावेपर्यंत ते माझ्याकडेच राहिले. त्या वह्या समोर ठेवून हे लिहितो आहे. गावाचे नाव मात्र लिहीत नाही, कारण त्या वेळचे काही वाद अजून न्यायालयात आहेत आणि उरलेले लग्नाची पत्रिका द्यायची की नाही या स्वरूपात चालू आहेत.

भूकंपाच्या रात्रीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. गाव का उठले हे कळण्यापुरतेच येथे सांगतो. आमची घरे माळवदाची होती : दोन-अडीच फूट रुंदीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. दर पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकण्याची रीत असल्याने पिढीगणिक छताचे वजन वाढत जाई. उन्हाळ्यात या घरांइतका गारवा कोठेही नसे, आणि शासकीय नकाशात आमचा भाग भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पहिल्या विभागात असल्यामुळे या बांधणीबद्दल कोणाला शंका यावी असे काही नव्हते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक उशिरा निजले होते. ३ वाजून ५६ मिनिटांनी भिंतींचे आतले आणि बाहेरचे पदर एकमेकांपासून सुटले आणि माती, तुळया, दगड सगळे झोपलेल्या माणसांवर आले. त्यानंतर दगडाच्या भिंतीआड निजायला कोणी तयार होईना. ज्या गावांत पडझड कमी होती तेथे घरे जागीच दुरुस्त आणि मजबूत करण्याचा मार्ग पुढे निघाला, पण आमच्या लोकांनी पत्र्याच्या शेडमध्ये बसून, दुखवटा संपण्याच्या आतच, जुन्या पांढरीवर, म्हणजे जुन्या गावठाणावर, पुन्हा दिवा लावायचा नाही असे ठरवून टाकले होते. एवढा मोठा निर्णय इतक्या थोड्या बोलण्यात झालेला मी नंतर कधी पाहिला नाही.

जागा ठरवणे मात्र तितकेच लांबले. प्रशासनाच्या अटी स्पष्ट होत्या : काळ्या जमिनीवर बांधकाम नको, कारण ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते; खाली मुरूम लागला पाहिजे; पाण्याची सोय होण्याजोगी असावी आणि पक्का रस्ता जवळ असावा. गावाच्या अटी याहून अधिक होत्या आणि त्या कोणी कागदावर लिहून देत नव्हते. जुने गाव नदीच्या अंगाला होते. नवी जागा रस्त्याकडच्या माळावर गेली, तर नदीकाठची जमीन कसणाऱ्यांना रोज बैलगाडीने दुप्पट वाट तुडवावी लागणार होती आणि वरच्या शिवारातल्या लोकांच्या दारात शेत येणार होते. माळाची जमीन एकाच भावकीतल्या काही घरांची होती. त्यांतल्या ज्यांच्या घरात माणसे दगावली होती त्यांना मोबदल्याची रक्कम तातडीने हवी होती. ज्यांचे त्या मानाने निभावले होते त्यांना रस्त्याकडेची जमीन पुढे काय भावाने जाईल याचा अंदाज आलेला होता. एकाच बांधावरचे दोन चुलतभाऊ एकाच बैठकीत एकमेकांच्या विरुद्ध बोलले आणि दोघांचेही म्हणणे खरे होते.

या चर्चेत सर्वांत दूरचे पाहणारा प्रश्न दलित वस्तीतून आला, असे माझे तेव्हाही मत झाले आणि आजही आहे. त्यांची जुनी वस्ती गावकुसाबाहेर, उताराला, पावसाळ्यात सगळ्या गावचे पाणी जेथून वाहून जाई तेथे होती. त्यांच्यातले एक वयस्क गृहस्थ उठून म्हणाले, “जागा कुठली बी घ्या, पण त्या जागेत आमचं घर कोणत्या अंगाला येणार ते आधी सांगा, मग सही करू.” समितीजवळ उत्तर नव्हते, कारण लाभार्थ्यांची यादीच तयार नव्हती. तो प्रश्न इतिवृत्तात लिहू नये असे एका सभासदाने सुचवले. मी तो लिहिला आणि पुढे घरांचे वाटप करताना त्या नोंदीचा उपयोग झाला. अखेर ग्रामसभेने माळाच्या बाजूने ठराव केला. त्यामागे मुरमापेक्षाही एस.टी.ची आशा अधिक होती, असे माझे निरीक्षण आहे.

यादीचे प्रकरण सविस्तर सांगायला हवे, कारण आजच्या गावाचा चेहरा तिनेच घडवला. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ मध्ये महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम सुरू झाला. त्यात स्थलांतरित गावांतल्या घरांचे आकार जमिनीच्या धारणेवरून ठरले होते : भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टरवाल्यांना ४०० चौरस फूट आणि त्याहून अधिक जमीन असलेल्यांना ७५० चौरस फूट. लोकांनी त्यांना अ, ब आणि क अशीच नावे ठेवली. शासनाच्या दृष्टीने हे सुटसुटीत होते, कारण सातबारा हा एकच कागद सर्वांकडे होता, किंवा ढिगाऱ्याखाली गेला असला तरी त्याची प्रत तलाठ्याच्या दप्तरात मिळू शकत होती. पण आमच्याकडे वाटण्या तोंडी होतात. तीन भाऊ तीन चुली करून वीस-वीस वर्षे वेगळे राहतात, आपापला तुकडा कसतात, आणि सातबारावर मात्र मयत वडिलांचे नाहीतर थोरल्या भावाचे नाव तसेच असते. अशा आठ-नऊ हेक्टरांच्या घराला क वर्गाचे एक घर मिळणार होते; शेजारच्या तेवढ्याच जमिनीच्या घराने आधी फेरफार करून घेतला होता म्हणून त्यांना ब वर्गाची तीन घरे. कागद वेळेवर करून घेणाऱ्या माणसाला गावाने आजवर भांडखोर म्हटले होते. यादी मारुतीच्या शेडसमोर मोठ्याने वाचून दाखवली, त्या दिवशी त्याचे शहाणपण सर्वांना पटले.

हरकती आल्या, त्या तपासल्या गेल्या आणि शिधापत्रिका, मतदारयादी, शेजाऱ्यांचे जबाब असे पुरावे जोडून काही कुटुंबे वेगळी मानली गेली. सर्वांत अवघड प्रकरणे निराळीच होती. ज्या घरात कर्ते माणूस उरलेच नव्हते तेथे घर अल्पवयीन मुलाच्या नावे व्हायचे आणि पालनकर्ता म्हणून मामाचे नाव लावायचे की चुलत्याचे, यावर बैठका होत. मामा दुसऱ्या गावचा, त्याचे घर शाबूत. चुलता इथलाच, पण त्याची नजर जमिनीवर आहे असे लोक मागे बोलत. समितीने शक्य तेथे मुलाच्या आजीला विचारले, आणि आजी नसेल तर मुलालाच. समितीत स्त्रिया घ्यायच्या असा दंडक होता म्हणून ज्या तिघी-चौघी मागच्या बाजूला गप्प बसत, त्या या प्रकरणांत प्रथम बोलल्या. कोणाच्या घरी मूल पोटभर जेवेल हे त्यांना ठाऊक होते आणि पुरुषांना नव्हते.

नव्या गावाचा आराखडा आला तेव्हा त्यात सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे रुंद रस्ते होते आणि प्रत्येक घर चहूबाजूंनी सुटे होते. पुढे या आखणीवर पुष्कळ टीका झाली : हे गाव नव्हे तर शहरातली कॉलनी आहे, म्हातारी माणसे चालून थकतात, ओसरीवर बसून समोरच्या ओसरीशी बोलता येत नाही. टीका योग्य आहे. तरीही हे रुंद रस्ते आम्हीच मागितले होते, हे माझ्या वहीत आहे. भूकंपाच्या पहाटे अरुंद बोळांत दोन्ही बाजूंच्या भिंती पडून वाटा बुजल्या होत्या, माणसे जिवंत असूनही बाहेर काढता आली नव्हती, आणि ती आठवण ताजी असताना कोणीही अरुंद गल्लीच्या बाजूने बोलले नसते. दोन-चार वर्षांनी भीती ओसरली आणि रस्ते कोणी मागितले याचाही लोकांना विसर पडला.

आखणीचा खरा परिणाम मात्र रुंदीचा नव्हता. घरे वर्गाप्रमाणे ओळीने मांडली होती : डांबरी रस्त्याजवळ क, त्यामागे ब आणि माळाच्या उतरत्या अंगाला अ. जुन्या गावात एका वाड्याच्या भोवती त्या भावकीतली गरीब-श्रीमंत घरे एकत्र असत. नव्या गावात एका आजोबांची नातवंडे तीन वेगवेगळ्या भागांत गेली. उलट अ वर्गाच्या ओळीत भूमिहीन आणि अल्पभूधारक सगळेच आले, त्यामुळे जी घरे पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या दोन टोकांना होती ती भिंतीला भिंत लावून नाही, तरी अंगणाला अंगण लावून उभी राहिली. वाटप चिठ्ठ्या टाकून करावे असे ठरले होते. दलित वस्तीतील लोकांनी जुनी नोंद दाखवून आम्हांला एकमेकांच्या शेजारी, पण उताराच्या टोकाला नको, अशी मागणी केली. ती मान्य झाली आणि त्यांची घरे ओळीच्या मध्यभागी आली. मग उताराच्या टोकाला ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांनी गोंधळ घातला. पहिल्या वर्षात परस्परसंमतीने घरांची बरीच अदलाबदल झाली, कागदोपत्री एकाचे घर आणि राहणारा दुसरा असा प्रकार अनेक ठिकाणी झाला, आणि त्यात जातीचा हिशेब नव्हता असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पण सगळ्यांना अदलाबदल जमली नाही. जी शेजारणी अशा रीतीने एकमेकींना चिकटल्या त्यांच्यात पहिले भांडण नळावरून झाले आणि पहिला व्यवहारही तेथेच सुरू झाला, कारण नळ दोन घरांत एक होता आणि पाणी येण्याची वेळ कोणालाच ठाऊक नसे. जिच्या कानावर आधी आवाज पडे ती दुसरीला हाक मारी.

बांधकामाबद्दल थोडक्यात. काही गावे देणगीदार संस्थांनी आणि उद्योगांनी बांधून दिली, बाकीची शासनाने ठेकेदारांकडून बांधून घेतली. काँक्रीटचे ठोकळे, वर स्लॅब आणि भिंतीत जोत्याच्या, तसेच दारे-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर फिरवलेले सळयांचे पट्टे, अशी साधारण रचना होती. हे पट्टे का घालतात हे अभियंत्यांनी समजावून सांगितले, ते गावच्या गवंड्यांनी नीट ऐकले आणि त्याचा फायदा पुढे झाला. आमच्याकडे ठेकेदाराने स्लॅबवर पाणी पुरेसे मारले नाही आणि पहिल्याच पावसाळ्यात काही छते ओलसर झाली. तक्रारी होऊन दुरुस्ती झाली, पण छताबद्दलचा अविश्वास वाढला तो वाढलाच. किल्ल्या घेऊन लोक घरात गेले खरे. निजायला मात्र कित्येक जण जुन्या शेडचे पत्रे अंगणात उभे करून त्याखाली जात. माझ्या चुलतीने स्लॅबखाली पहिली झोप घेतली ती नातू झाल्यानंतर, आणि तीही बाळंतिणीच्या खोलीला वारा लागू नये म्हणून.

गाव हलले ते एका दिवसात नव्हे. ज्यांच्या घरी शाळेत जाणारी मुले होती ते आधी गेले, कारण शाळेची इमारत नव्या जागी उभी राहिली होती. ज्यांच्याकडे जनावरे होती ते शेवटी, कारण गोठ्याला जागाच काढलेली नव्हती. मारुती हलवायचा की नाही यावर मोठा खल झाला. देव ज्या जागेचा आहे तेथेच राहावा, असे म्हणणाऱ्यांत माझे वडील होते. वेशीवर मारुती नसलेल्या गावाला आम्ही मुलगी कशी देऊ, असा सोयऱ्यांचा प्रश्न ज्यांना आला होता ते हलवण्याच्या बाजूने होते. शेवटी मूर्ती नेली आणि जुन्या जागी पादुका ठेवल्या. लक्ष्मीआईला मात्र कोणी हात लावला नाही. तिच्यासाठी आजही आषाढात तिकडे जावे लागते.

मूर्ती आणली, पण ती ठेवायची कोठे? आराखड्यात मंदिरासाठी भूखंड होता, तो गावाच्या मध्यावर, शाळा आणि ग्रामपंचायतीच्या जवळ. वेस मात्र आराखड्यात नव्हती, कारण आत येण्याचे रस्ते चार होते. मूर्ती काही काळ मंदिराच्या भूखंडावर पत्र्याखाली राहिली. मग पोळा आला. बैल मारुतीला घालून मग घरी न्यायचे, तर कोणत्या रस्त्याने यायचे आणि मानाचा बैल पुढे कोठून निघायचा, हे कोणालाही सांगता येईना. क वर्गाच्या बाजूचे म्हणत डांबरी रस्त्याने, बाकीचे म्हणत शिवाराकडून, कारण बैल शिवारातून येतात. दुपारपर्यंत बैल सजून उभे आणि माणसे वाद घालत बसलेली. शेवटी जुन्या गावाकडून येणारी पांदण माळाला जेथे मिळते तेथून मिरवणूक काढली. तो रस्ता अ आणि ब या दोन्ही ओळींमधून जात होता, त्यामुळे पहिल्यांदाच सगळे गाव एका वाटेवर उभे राहिले. पुढच्या वर्षी लोकवर्गणीतून त्या तोंडाशी दोन दगडी खांब बांधले आणि मारुतीची स्थापना तेथे झाली. मध्यावरचा मंदिराचा भूखंड आज क्रिकेटला उपयोगी पडतो. नियोजनकर्त्यांनी काढलेले केंद्र आणि लोकांनी ठरवलेले केंद्र यांत पाच मिनिटांच्या चालण्याचे अंतर आहे, आणि दुकानांचेही तसेच झाले : बाजारासाठी बांधलेले गाळे रिकामे राहिले, चहाची टपरी, गिरणी आणि खताचे दुकान एस.टी. थांब्याजवळ आले.

त्यानंतरची वाढ आराखड्यातल्या त्रुटी भरून काढत झाली असे म्हणता येईल. घरांत धान्य ठेवायला जागा नव्हती; जुन्या भिंतींतली बळदे गेली होती, पेवे खणायला मुरूम कठीण होता, म्हणून पत्र्याच्या कोठ्या आल्या आणि त्या ठेवण्यासाठी संडास वापरात आले. या गोष्टीवर बाहेरचे पाहुणे हसत, पण ज्वारी भिजू द्यायची की शेतात जायचे, यात शेतकऱ्याने काय निवडले हे समजण्याजोगे आहे. पुढे नळाला पाणी नियमित आले तसे संडास रिकामे झाले आणि धान्यासाठी मागे खोली निघाली. चहूबाजूंनी उघडे घर स्त्रियांना नकोसे होते, कारण भांडी घासायला बसले तरी तीन रस्त्यांवरून दिसे. म्हणून आवारभिंती आल्या. त्यांच्यासाठी दगड आणला तो जुन्या गावाच्या ढिगाऱ्यातून. ज्या दगडाच्या भीतीने गाव सोडले तोच दगड बैलगाड्यांतून इकडे आला. मात्र भिंत कोणीही कमरेच्या वर नेली नाही. आडोसा त्याच्यावर लावलेल्या पत्र्याचा किंवा तुराट्यांचा. कडुनिंब लावले ते जगले; सामाजिक वनीकरणाने दिलेली बाकीची रोपे पहिल्या उन्हाळ्यात गेली.

वर्गांची अक्षरे हळूहळू पुसट झाली. ब वर्गातल्या कोणी पुण्याला नोकरी लागल्यावर घर विकले, अ वर्गातल्या एका मातंग कुटुंबाने ते घेतले. भूकंपग्रस्तांसाठी शासकीय नोकऱ्यांत २ टक्के समांतर आरक्षण आहे, त्याचा लाभ घेऊन गावातली काही मुले शिक्षक, पोलीस आणि लिपिक झाली आणि त्यांच्या पगारातून २५० चौरस फुटांच्या घरांवर मजले चढले. वाढवलेल्या खोल्यांत सळयांचे पट्टे आहेत की नाहीत हे मी अजून जाता-येता पाहतो. ज्यांनी त्या वेळी काम शिकलेल्या गवंड्याला बोलावले त्यांच्या भिंतीत ते आहेत. स्वस्तात बाहेरचा माणूस आणला त्यांच्यात नाहीत, आणि तिथे स्लॅबवर पाण्याची मोठी टाकी ठेवलेली पाहिली की मी घरमालकाला दोन शब्द सुनावल्याशिवाय पुढे जात नाही.

सध्या गावापुढे प्रश्न आहे तो कबाल्यांचा, म्हणजे घरांच्या मालकीच्या कागदांचा. अदलाबदल केलेल्या घरांत राहणारा एक आणि कागदावर दुसरा, हे पहिल्या पिढीत शब्दावर चालले; त्यांची मुले आता वारस म्हणून नाव लावायला जातात तेव्हा ग्रामपंचायतीच्या नमुना आठला, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, एक नाव आणि मूळ वाटप यादीत दुसरे निघते. बँक अशा घरावर कर्ज देत नाही. माझ्या वह्यांत अदलाबदलीच्या बहुतेक नोंदी, दोन्ही पक्षांच्या आणि साक्षीदारांच्या सह्यांसह आहेत, पण समितीला तसा अधिकार होता का, हे कोणत्याही आदेशात लिहिलेले नाही. म्हणून गेल्या ग्रामसभेत असे ठरले की दोन्ही बाजूंचे वारस हयात आणि राजी असेपर्यंत बक्षीसपत्रे किंवा अदलाबदलीचे दस्त नोंदवून घ्यावेत आणि मुद्रांक शुल्काचा भार दोघांनी निम्मा-निम्मा उचलावा. अ ओळीतल्या चार घरांनी दुय्यम निबंधकांकडे कागद दिले आहेत. क ओळीतले अजून एकमेकांच्या आधी जायला तयार नाहीत.